गॅसशिवाय कॉफी

वडील गॅस बंद करायला विसरले आणि दुधाचं भांडं दुसऱ्यांदा जळलं, तेव्हापासून मुलगी कामावर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकू लागली. वडील म्हणजे चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही, हे अंगात मुरलेलं. जेवण डब्यात झाकून ठेवलेलं असे. अडचण दुपारच्या कॉफीची होती. थर्मासमधली त्यांना काढ्यासारखी लागे.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तोड सांगितली. "काका, गार पाण्यात कॉफी भिजत घाला. चौदा-पंधरा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग गाळा. विस्तव लागतच नाही."

पहिल्या खेपेला त्यांनी घरातली बारीक पूड घातली आणि हाती चिखल आला. मग बिया आणून मिक्सरमध्ये थांबत थांबत जाड्या मिठाएवढी भरड काढली. वाटीभर भरड, चार वाट्या पाणी. गाळायला मांजरपाट घेतला, तर तो कॉफी पिऊन बसला, थेंब सोडेना. शेवटी ट्रंकेतून मलमलीचा तुकडा काढला, दुहेरी केला आणि कडेने हातशिलाई घातली. सुईत दोरा ओवायलाच पाऊण तास गेला. कॉफी मात्र स्वच्छ उतरली.

रविवारी मुलीने फ्रिज उघडला. बाटलीवर चिठ्ठी होती: भिजत घातली शनिवार, संध्याकाळी सहा.

"हे काय आहे बाबा?"

"कॉफी. घे थोडी."

तिने घोट घेतला. "कडू आहे."

"पाणी घाल. अर्क आहे तो."

तिने पाणी घातलं आणि पेला संपवला. चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "उद्यापासून रेग्युलेटर घरीच ठेवते."

वडिलांनी स्वतःचाही पेला भरला. "नको. गाळणीची शिवण दाबायला परवा इस्त्री लावली होती. दोन तास तशीच चालू राहिली. तुला सांगितलं नाही."

मुलीने आत जाऊन पाहिलं. टेबलावरच्या चादरीला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. ती परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"मग इस्त्रीपण पर्समध्ये टाकू?"

"जड होईल तुला. नर्सबाईंकडे ठेव."

बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त हात पेल्याभोवती घट्ट आवळलेले होते. मुलीने त्यातला एक सोडवून आपल्या हातात घेतला.

सोमवारी इस्त्री वर गेली. ठेवून घेण्याच्या बदल्यात नर्सबाईंनी रोज पेलाभर कॉफी मागितली. वडिलांनी मोठी बरणी घासायला घेतली.