तक्रार-अर्जातला कोंबडा

आमच्या घरात राग आला की माणूस भांडत नाही, अर्ज करतो. सासरे, म्हणजे तात्या, तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकून होते. त्यामुळे खालच्या परसातला कोंबडा डोक्यात जायला लागला, तेव्हा एक जिना उतरून बायजाबाईंशी बोलावं हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

राहनाळ गावातली आमची इमारत उभी राहिली तीच बायजाबाईंच्या भातशेतीवर. त्यांच्या मुलाने, केसरीनाथने, शेत विकलं. मागचं घर आणि परस ठेवलं. तिथे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्यांचं मी चालवून घेतलं असतं. अंडं घातलं की दहा मिनिटं साऱ्या आळीला ऐकवायचं आणि गप्प व्हायचं, एवढाच त्यांचा दंगा. कोंबडा मात्र भर दुपारी आरवायचा. २००६ सालचा उन्हाळा, दुपारी भारनियमन, पंखा बंद, म्हणून खिडकी उघडी. माझा आठ महिन्यांचा अथर्व तासभर थोपटल्यावर कुठे डोळा मिटायचा, आणि खालून बांग. तो दचकून रडायचा, मग मीही रडायचे. खोटं कशाला सांगू, त्या कोंबड्याची मान मुरगळावी असं मला रोज वाटायचं, आणि आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही.

तात्यांनी झोकात मसुदा केला: 'उपरोक्त कुक्कुटाच्या अवेळी आरवण्यामुळे रहिवाशांच्या स्वास्थ्यास बाधा पोहोचत असून...' सात बिऱ्हाडांनी सह्या केल्या. पहिली माझी. आठ दिवसांत कोंबड्या हलवा, असा पंचायतीचा निरोप केसरीनाथकडे गेला.

बायजाबाई भांडायला वर येतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर कोंबडा एका बुटक्या टोपलीखाली. मान वर करता आली नाही की त्याला आरवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन दुपारी अथर्व छान झोपला. तिसऱ्या दिवशी कोंबड्याने दाणे टिपणं सोडलं. बायजाबाई उकिडव्या बसून त्याला हातावर तांदूळ धरत होत्या, पण तो चोच लावेना. शेवटी त्यांनी टोपली उचलली. त्याने पंख झाडले आणि असा आरवला, की मी एवढ्या उकाड्यात खिडकी आपटून बंद केली.

त्याच संध्याकाळी त्यांची सून क्षितिजा वर आली.

"वैनी, उद्या दापोड्याचा कोंबडीवाला येतोय. कोंबड्या नेऊ दे त्याला. कोंबडा तेवढा जत्रेपर्यंत ऱ्हाऊ द्या. वीसच दिवस."

"एवढं काय आहे त्या कोंबड्यात? खाली दिवसभर गोदामांचे ट्रक वाजतात, त्यात अजून हा."

"ट्रकवर तुमी अर्ज न्हाय केला," ती शांतपणे म्हणाली. "तो गावदेवीला नवसात बोललेला हाय. विकला तर आई अन्नाला शिवणार न्हाय."

"कुणासाठी बोललाय?"

"ज्याच्यासाठी बोलतात त्याला फेडेपर्यंत सांगू नये, असं आई मानते. पण आता सांगते. तुमच्यासाठी. गेल्या साली सातव्या महिन्यात तुमाला ठाण्याला नेलं ना, बीपी वाढला म्हणून? तुमचे तात्या आमच्या पायरीवर बसून रडत व्हते. आईनं तवाच पिल्लू बाजूला काढलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी येऊ दे, बोलली."

मला इतकी लाज वाटली की तिला साधं पाणीही विचारायचं राहिलं. जत्रेत माझ्या बाळापायी एक जीव कापला जाणार, हे मला नको होतं. आणि त्याच क्षणी त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तो दिवस मला आठवतो. पाणी त्यांनीच दिलं होतं."

सकाळी कोंबडीवाला यायच्या आत मी अथर्वला कडेवर घेऊन पंचायतीत गेले. तिथल्या कारकुनाने आमचा अर्ज शोधून काढला.

"पहिली सही तुमचीच ना?"

"हो. अर्ज मागे घ्यायचाय."

"तुमची सही जाईल. बाकीचे सहा जण उद्या इथे येऊन बसतील. त्यांना काय सांगू?"

"जत्रेपर्यंत कोंबडा तिथेच राहील, असं सांगा."

"कुणाच्या जबाबदारीवर? केसरीनाथचं नाव लिहू?"

"नको. अथर्वचं लिहा."

"हे कोण?"

मी कडेवरचं बाळ टेबलावर त्याच्यासमोर बसवलं.

"हा. कोंबडा ह्याचा आहे. ज्याची झोप मोडेल त्याने ह्याच्या आईला येऊन बोलावं."