दोन दातांमधली फट

पोम्पिलिओ आल्बानियाहून नवे दात बसवून आला आणि गावभर हसत सुटला. चर्चमध्ये हसला, मासळीवाल्याशी हसला, एका मयताला गेला तर तिथेही विधवेचा हात हातात धरून हसला. ओरोन्झोच्या कानावर हे सगळं येत होतं. शनिवारी तो ओरोन्झोच्याच सलूनमध्ये आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि समोरच्या आरशात हसला.

"दाढी कर, कुंपारे. सावकाश. घाई नाही मला."

'कुंपारे' म्हणणं भाग होतं. ओरोन्झोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला पोम्पिलिओ धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, आणि इटलीच्या टाचेशी असलेल्या या सालेंतोत हे नातं रक्ताच्या नात्याहून चिवट. सख्ख्या भावाशी बोलणं टाकता येतं, कुंपारेशी नाही. त्याच्यावर जळायचं तर त्याच्या गालाला फेस चोळत, गोड बोलत जळावं लागतं.

ओरोन्झोने फेस चोळला आणि चोळता चोळता दात पाहून घेतले. पूर्वी पोम्पिलिओचे दात एकमेकांवर चढलेले असायचे, बसमध्ये जागेसाठी भांडणाऱ्या माणसांसारखे. आता ओळीत, पांढरे, चकचकीत. फक्त समोरच्या दोघांमध्ये एक बारीक फट.

"एवढा समुद्र ओलांडून गेलास, आणि फट ठेवली त्यांनी? माल कमी पडला काय?"

"असू दे. हवा खेळते."

"वाऱ्यावर शिटी वाजेल."

"वाजू दे. वाजवणं हाच तर आपला धंदा." पोम्पिलिओने पुन्हा हसून दाखवलं. "तू पण जाऊन ये, कुंपारे. डॉक्टरीणबाईंना मी फोन करतो. माझं नाव सांग, उघड्या दारानं आत घेतील."

ओरोन्झोने वस्तरा गळ्याशी नेला आणि तिथे नको इतका वेळ थांबला.

धंदा म्हणजे बँडचा. सलूनवर पोट चालायचं, पण माणूस म्हणून ओरोन्झो जगायचा तो बँडमध्ये. गावाच्या जत्रेला चौकात दिव्यांनी मढवलेला लाकडी मंच उभा राहतो, त्यावर बँड बसतो आणि ऑपेरातली गाणी वाजवतो. गाणारं कुणी नसतं. बाईचा आवाज फ्लिकोर्नो काढतो, हे तुतारीसारखं पण मऊ गळ्याचं पितळी वाद्य. पहिला फ्लिकोर्नो म्हणजे बँडची नायिका. म्हाताऱ्या बाया त्याच्या फुंकरीवर रडतात. ती खुर्ची बावीस वर्षं ओरोन्झोची होती आणि शेजारची दुसरी पोम्पिलिओची. दुसरा फ्लिकोर्नो काय करतो, तर पहिल्याची पानं उलटतो आणि तो आजारी पडायची वाट बघतो. पोम्पिलिओ असा वाट बघतो हे ओरोन्झोला माहीत होतं, आणि त्याची त्याला मजा वाटायची.

आता मजा वाटत नव्हती. त्याचे वरचे समोरचे दात हिरडीत डुगडुगत होते. पितळ ओठावर टेकवलं की ते मागे सरत आणि सूर फाटे. गेल्या जत्रेत सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांब सुराला तो असा फाटला की चौकातून कुणीतरी ओरडलं, "ओरो, घरी जा, झोप." लोक हसले. पोम्पिलिओ हसला नाही. तो पान उलटत होता.

ईस्टरनंतर बँडच्या मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. "तोंड दुरुस्त करून घे. ऑगस्टच्या जत्रेआधी मला ऐकव. नाही जमलं तर पहिली खुर्ची पोम्पिलिओची."

दुरुस्त करून घे म्हणे. सरकारी दवाखान्यात दात फुकट उपटून मिळतात, बसवून मिळत नाहीत. बसवणारा डॉक्टर बाजारपेठेत, संगमरवरी जिन्यावर. तो रक्कम तोंडानं सांगतही नाही, चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी सरकवतो. ओरोन्झोने ती उलटून पाहिली आणि पुन्हा पालथी केली. या देशात गरिबानं जांभई दिली तरी त्याची ऐपत दिसते.

घरी बायको, दोनाता, फ्रिसा भिजवत होती. फ्रिसा म्हणजे दगडासारखा पाव, पाण्यात बुडवून लगेच काढतात. हल्ली ती त्याच्यासाठी पार लगदा होईपर्यंत बुडवून ठेवायची.

"जा व्लोराला," ती म्हणाली. "पोम्पिलिओ गेला तिथेच."

"आल्बानियन लोकांकडे? बोटी भरभरून आले होते ते आपल्या ब्रिंदिझीच्या बंदरात, तेव्हा अंगावर धड शर्ट नव्हता. माझे दोन शर्ट दिलेत मी."

"मग आता दात घे. फिट्टंफाट."

"सगळ्या बारसमोर मी पोम्पिलिओला हसलोय. म्हटलं होतं, बकऱ्यांचे दात बसवून देतील."

"बकऱ्याचे वाटत नाहीत बाई. परवा बाजारात भेटला. चांगला दिसतो."

"तू त्याच्या तोंडात बघत होतीस?"

"तो दाखवत होता, मी बघितलं. तू तोंडावर हात धरून बोलतोस. तुझ्यात काय बघू?"

ओरोन्झोने ताटली सरकवली आणि बाहेर पडला. उन्हानं गल्ली रिकामी होती, सगळे खिडक्या लावून पडलेले. पोम्पिलिओच्या घराची खिडकी तेवढी किलकिली होती आणि आतून फ्लिकोर्नो येत होता. तीच जत्रेतली जागा, तोच वरचा लांब सूर. पोम्पिलिओचा सूर ओरोन्झोला पाठ होता, थोडा घोगरा, थोडा घाबरट. हा तो नव्हता. हा सूर वर जाऊन तिथे स्वस्थ बसत होता. कडेनं हवेची एक बारीक धार, रेशीम फाडल्यासारखी. ओरोन्झो भिंतीला टेकला. हा त्याचा स्वतःचा सूर होता, दात घट्ट होते तेव्हाचा. दुसऱ्याच्या खिडकीतून येत होता.

त्या क्षणी कुणी हातात दगड दिला असता तर त्याने तो खिडकीवर मारला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने बोटीचं तिकीट काढलं. गावात सांगितलं, तारांतोला मावसभावाकडे चाललोय. पोम्पिलिओला फोन करू दिला नाही. नुसतं दाखवून येऊ, करायचं की नाही ते मग बघू, असं त्याने दोनाताला सांगितलं आणि स्वतःलाही.

व्लोराच्या दवाखान्यात डॉक्टर तेउता भेटल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. लहानपणी इटलीचा टीव्ही बघून शिकलेलं त्यांचं इटालियन बँडच्या मास्तरांच्यापेक्षा चांगलं. ओरोन्झोने तोंडावरचा हात काढला तशा त्या बघतच राहिल्या.

"थांबा. तुम्ही तेच का?"

"कोण तेच?"

त्यांनी खणातून एक फोटो काढून त्याच्यासमोर धरला. जुना, कडेनं कातरलेला. फोटोत ओरोन्झो होता, तरणा, तोंडभर हसणारा, समोरच्या दोन दातांमध्ये बारीक फट. मुलीच्या बाप्तिस्म्याचा फोटो. मूळ फोटोत शेजारी मुलीला घेऊन पोम्पिलिओ उभा होता, पण इथे त्याने स्वतःला कापून टाकलं होतं. ओरोन्झोच्या खांद्यावरची त्याची चार बोटं तेवढी राहिली होती.

"तुमच्या गावचे एक वादक आले होते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणाले, हे असेच दात करा, फटीसकट. मी म्हटलं, बाबा, लोक फट बुजवायला येतात. तर म्हणाले, त्याचा सूर या फटीतून येतो. बावीस वर्षं शेजारी बसून बघतोय मी."

ओरोन्झोला आधी वाटलं उठावं, बोट पकडावी, त्या माणसाचा गळा धरावा. चोर. पानं उलटत होता म्हणे. तोंडात बघत होता, सालं सगळा जन्म माझ्या तोंडात बघत होता. मग त्याला आठवलं की सलूनमध्ये आपणच त्या फटीला हसलो होतो. स्वतःच्याच दातांना. ओळखले नाहीत, कारण ते आता आपल्या तोंडात नव्हतेच. हिरड्या सुटून त्याची फट केव्हाच करंगळीएवढी झाली होती.

"तुमचं काय करायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "सरळ, बंद ओळ करू? सुंदर दिसेल."

सरळ केले तर पोम्पिलिओ ओरोन्झोचे दात घेऊन ओरोन्झोच्याच खुर्चीवर बसणार. काही न करता परत गेलं तरी तोच बसणार.

"त्याच्यापेक्षा केसभर जास्त फट ठेवा."

"हवा निसटेल. मग बसा शिट्ट्या मारत." त्या हसल्या. "होते तसे करू शकते. फोटो आहेच."

म्हणजे पोम्पिलिओसारखे. ओरोन्झोने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"होते तसे करा," तो म्हणाला. "पण काम झालं की फोटो मी नेणार."

"तो त्यांनी दिलाय."

"चेहरा माझा आहे."

पहिले दात तात्पुरते होते, पक्के दुसऱ्या फेरीत बसले. काही दिवस फुंकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. जूनमध्ये एका शनिवारी पोम्पिलिओ दाढीला आला, खुर्चीत बसला आणि आरशात हसला. ओरोन्झोने मागे उभं राहून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात न धरता त्याच आरशात हसून दाखवलं.

एका आरशात दोन फटी. पोम्पिलिओचं हसू तिथेच थांबलं आणि त्याचा हात आपसूक तोंडावर गेला.

"तारांतोला होतास ना तू," तो बोटांआडून म्हणाला.

"हात काढ, कुंपारे. फेस लावायचाय."

पोम्पिलिओने हात काढला, पण ओठ मिटून घेतले. "मंगळवारी मास्तर ऐकणार आहेत आपल्याला," तो म्हणाला. "दोघांना, तोच सूर."

"ऐकू देत की."

ओरोन्झोने ब्रश फेसात घोळवला. आता सूर फाटला तर दातांचं कारण सांगायची सोय दोघांपैकी कुणालाच उरली नव्हती. ते पोम्पिलिओलाही समजलं असावं, कारण ओरोन्झोने त्याच्या गळ्यावर बोट ठेवलं तेव्हा तिथली शीर त्याच्या स्वतःच्या शिरेइतक्याच जोरात उडत होती. ओरोन्झोला मनापासून बरं वाटलं. मग त्याने वस्तरा उघडला आणि सावकाश, घाई न करता, दाढी करायला घेतली.