जळक्या बोर्डाची अगदी खरी गोष्ट

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझ्या गोष्टीवर ज्याचा चटकन विश्वास बसतो त्याच्या अकलेची मला काळजी वाटते. पण ही गोष्ट खरी आहे आणि तिचा पुरावा मागच्या खोलीत घरघरतोय. ऐका. येतोय ना आवाज? झालं तर मग.

बाई, तुम्ही बाकावर टेका. तुमचा बूट अक्का बघेल, हातातला टाका तेवढा पुरा होऊ दे. दारात उभा आहे तो माझा भाचा, अक्काचा एकुलता एक. बाहेरचा टेम्पोही त्याचाच. आमचं बोलणं असं झालंय, की मागचं मशीन चालत असेल तर दुकान राहील आणि अक्का इथेच राहील. मशीन बंद असेल तर ते आजच्या आज भंगारात जाईल, दुकानाला कुलूप लागेल, आणि अक्का याच्या घरी अकराव्या मजल्यावर खिडकीतून ढग मोजत बसेल. काय रे, चुकीचं सांगतोय का?

“चुकीचं नाही, पण मला खलनायक करू नका,” भाचा म्हणतो. “आईचे हात बघा, मामा. मागे साच्याचं लाकूड तासताना पंजा चिरून घेतला, मला कोणी कळवलंही नाही. मशीन असेल तर निदान सुऱ्या तरी तिच्या हातात राहत नाहीत. मी आत जाऊन एकदा बघतो, म्हणजे झालं.”

बघ की. कोण अडवतंय? फक्त साचा कापून होऊ दे. आत लाकडाचा भुगा असा उडतोय, की तुझ्या शर्टाचा रंग कुठला होता हे तुझी बायकोसुद्धा सांगू शकणार नाही. आणि मधेच दार उघडलं की वाऱ्यानं पातं हलतं. पातं हललं की डाव्या पायाचा उजवा होतो. घरघर थांबली की सगळे मिळून आत जाऊ. बस तोवर.

बाई, तुम्हाला ठाऊकच आहे, या दुकानात सरळ पायांचं गिऱ्हाईक येत नाही. एक पाय आखूड, एक वळलेला, बोटं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, असे पाय येतात. आधी पायाचा लाकडी साचा करायचा, मग त्यावर चामडं चढवायचं. साचा केसभर चुकला तरी बूट चावतो. पूर्वी अक्का साचे हातानं तासायची. मग दाजींनी, म्हणजे हिच्या यजमानांनी, हे मशीन आणलं. अक्कानं पायाचं माप घ्यायचं, कॉम्प्युटरात भरायचं, की मशीन तस्सा साचा कापून देणार. तेव्हा ही रुसली होती. “माझ्या हातांना काय झालंय?” म्हणायची. पुढे खरंच हातांना झालं, दाजीही गेले, आणि त्याच मशीननं दुकान तारलं. हो ना गं अक्का?

“तू गोष्ट सांग,” अक्का म्हणते. “मला मधे ओढू नकोस.”

बरं. तर त्या दिवशी लाइट गेली. गेली आणि आली. आली आणि गेली. दारात आलेल्या उधारीवाल्यासारखं तिचं येणंजाणं चाललं होतं. आणि मग आली ती सगळ्या गावाची वीज एकटी आमच्याच तारेत शिरल्यासारखी आली. दिवा पांढराफटक. पंखा असा फिरला, की दुकान जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलं. खोटं वाटेल, पण समोरच्या न्हाव्यानं वस्तरा हातात धरून ओरडून विचारलं, “अहो, दुकान घेऊन कुठे निघालात?” मी म्हणालो, “अक्काला विचारा, मालकीण ती आहे.” मग आतून फट् झालं, दुकान धपकन खाली बसलं आणि जळक्या रबरासारखा वास सुटला.

“दुकान उडालं नाही,” अक्का म्हणते. “वास मात्र आला होता.”

वासाचं खरं ना? मग निम्मी गोष्ट खरी ठरली.

मी मशीनच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या मदरबोर्डावर एका बाजूला काजळी धरलेली. त्यावर बारक्या उभ्या डब्या असतात, वीज साठवून जपून वाढणाऱ्या. एकूण एक डबीचं डोकं फुगलेलं, दोन तर फुटून तपकिरी पाणी ओघळलेलं. आयुष्यभर मी रेडिओ दुरुस्त केले, असली प्रेतं पुष्कळ पाहिलीत.

“रेडिओवरून आठवलं,” भाचा म्हणतो. “तुमचा टेपरेकॉर्डर कुठाय? तुम्ही आहात आणि गाणी चालू नाहीत, असं कधी झालं नाही.”

दुरुस्तीला दिलाय.

“रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा टेप दुरुस्तीला?”

न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का? मधेमधे बोलू नकोस, धागा तुटतो.

तर मी तो बोर्ड काखेत मारून कॉम्प्युटरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथला चष्मेवाला म्हणाला, “काका, नवा बसवा.” म्हटलं, बसव. त्यानं नवा बोर्ड काढला, देखणा, नव्या नवरीसारखा. पण आमच्या मशीनची एक खोड आहे. ते कॉम्प्युटरशी एका लांबलचक जुन्या कार्डामार्फत बोलतं. ते कार्ड ज्या लांब खाचेत बसतं ती खाच नव्या बोर्डांना नसतेच. चष्मेवाला म्हणाला, “ही खाच असलेले बोर्ड आता बनत नाहीत. मशीनच बदला.” म्हटलं, मशीन बदलायला बसलो तर आधी मला आणि माझ्या बहिणीला विकावं लागेल, आणि आम्हाला घेणार कोण?

“हेच मी म्हणत होतो,” भाचा म्हणतो. “तेव्हाच सोडून द्यायचं. मामा, तुमच्या बोटांना एवढ्या पट्ट्या कसल्या?”

सोल्डरिंगचे चटके. पुढे येतंच आहे ते. आधी भंगारवाला येऊ दे.

भंगारवाल्याकडे जुन्या बोर्डांचा डोंगर आहे. वरच्या बोर्डांवर सकाळी दव पडतं आणि खालच्यांना संध्याकाळी ओल लागते, एवढा उंच. चढलो. अर्ध्या वाटेवर एक दाढीवाला माणूस भेटला. प्रिंटरचा एक स्क्रू शोधायला चढला होता बिचारा. मला म्हणाला, “खाली कोणतं साल चालू आहे?” मी सांगितलं तर रडायलाच लागला. अख्खा डोंगर धुंडाळला, पण लांब खाचेचा बोर्ड नाही. हात हलवत खाली आलो, तर भंगारवाला चहा पीत बसलेला आणि चहाचे पेले ठेवलेत कशावर? काखेत कळसा नि गावाला वळसा! हुबेहूब आमचाच बोर्ड, लांब खाचेसकट. म्हटलं, दे. तो म्हणाला, “माझा चहाचा ट्रे आहे, देणार नाही.” मग मी त्याला तीन थापा सांगितल्या. पहिलीला तो हसला, दुसरीला खुर्चीवरून पडला. तिसरी अर्धी झाली तेव्हा हात जोडून म्हणाला, “घेऊन जा, पण थांबा, पोट दुखतंय.”

बाई, तुम्ही हसलात. बरं वाटलं. पाय दुखतोय का?

“डावी टाच चावतेय हो,” बाई म्हणतात. “म्हणून तर आले. दिवसभर वर्गात उभं राहायचं असतं. इतकी वर्षं इथले बूट घालतेय, असं कधीच झालं नव्हतं. फोड आलाय. काल एका पायावरच शिकवलं.”

नवं चामडं आहे. बसेल. अक्का, तू सुई का खाली ठेवलीस? शिव की. बाई, काढताय कशाला बूट, राहू दे पायात, पायातच सैल होतो तो.

“द्या इकडे,” अक्का म्हणते.

बघ, बघ. तोवर मी पुढचं सांगतो. कुठे होतो? हां, चहाचा ट्रे. त्यावर इतक्या वर्षांचा चहा वाळलेला. मी बोर्ड साबणानं धुतला, दात घासायच्या ब्रशनं घासला, आणि दोरीवर चिमटे लावून वाळत टाकला. एक कावळा येऊन बसला. मी हाकलणार तोच त्यानं एक वाकलेली पिन चोचीनं सरळ केली आणि दुसरीकडे बघत “काव” म्हणाला. म्हणजे, इथेही बघ. असा कारागीर मला जन्मात भेटला नाही. मग आमच्या बोर्डाच्या चांगल्या डब्या त्याला, त्याच्या चांगल्या डब्या...

“तुम्ही म्हणालात सगळ्या डब्या फुगल्या होत्या,” भाचा म्हणतो.

कोपऱ्यातल्या बाकी होत्या. वकील का झाला नाहीस तू? तर दोन मेलेल्यांमधून एक जिवंत केला. चालू केलं. तीनदा किंचाळला. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ, आठवण जागेवर नाही. म्हटलं, बाबा, माझंही तेच आहे. खोडरबरानं मेमरीची पट्टी घासली, परत बसवली. या खेपेला एकदाच टुक् वाजलं. एकदा वाजलं की सगळं ठीक.

“आत कोणीतरी शिंकलं,” भाचा म्हणतो.

कुठे?

“आत. मशीनच्या आवाजात. स्पष्ट ऐकलं मी.”

जुनं मशीन आहे, भुसा नाकात जातो त्याच्या. ते शिंकतं अधूनमधून.

“आणि हे परत जळलं तर?” भाचा दारातून आत येत म्हणतो. “खरंच विचारतोय मी. उद्या लाइट अशीच गेली आली तर? बॅटरी तरी जोडा मागे.”

बॅटरी? त्या मोटरची भूक बघितलीस का? ट्रकची बॅटरी लावली तरी एका घोटात पिऊन ढेकर देईल. नाही, आपलं सरळ आहे. लाइट आहे तोवर मशीन आहे. लाइट गेली की मशीन गप्प. त्याच्यात लपवाछपवी काही नाही. तू बस ना. दाराकडे कशाला जातोस? आता गोष्टीतला खरा भाग येतोय, यात एक थाप निघाली तर कान कापून देईन.

स्क्रीन उजळला. सगळी मापं शाबूत, बाईंच्या डाव्या टाचेसकट. पण कोपऱ्यात तारीख बघतो तर काय, मशीन फार फार मागे गेलेलं. त्याच्या पोटात एक चपटा सेल असतो, तो मेला की त्याला दिवस आठवत नाहीत. ते थेट पहिल्या दिवसापाशी जाऊन बसलं होतं. त्याच्या हिशोबानं दाजी शेजारच्या खोलीत होते. अक्काचे हात दगडासारखे स्थिर होते. हा भाचा शाळेतून यायचा होता. मी तारीख बदलायला गेलो आणि माझं बोट काही त्या बटणावर जाईना. म्हटलं, राहू दे. एका तरी ठिकाणी...

“लाइट गेली वाटतं,” बाई म्हणतात. “पंखा थांबला.”

गेली तर गेली, दुपार आहे, उजेड आहे. तर काय सांगत होतो, तारीख! मी तारीख तशीच ठेवली आणि पहिला साचा लावला. पातं फिरायला लागलं, भुसा उडायला लागला, आणि न्हावी धावत आला, म्हणाला, “परत निघालात का दुकान घेऊन?” मी म्हणालो, नाही नाही, आता कुठे जातोय, आता तर... बाई, खिडकी लावून घ्या जरा, बाहेरचा आवाज फार येतोय. आणि तो कावळा! कावळ्याचं राहिलंच की. तो दुसऱ्या दिवशी सगळं खानदान घेऊन आला, त्यांचा एक रेडिओ बिघडला होता म्हणून. अरे, हसा की. भाच्या, असा का बघतोयस? शिंकलं असेल परत, सांगितलं ना जुनं आहे. अक्का, तू तरी सांग याला. तुझं दुकान आहे. बोल काहीतरी. त्या बुटात अंगठा घालून काय बसलीस?

“बाई,” अक्का म्हणते, “हा बूट घालू नका. टाचेचा साचा चुकलाय. हातानं तासलाय, आणि तोही नवशिक्या हातानं. माझ्या दुकानातून असा बूट बाहेर जायला नको होता.” मग ती माझ्याकडे बघते. “आणि छोट्या, लाइट केव्हाची गेलीय. आत जा आणि तो टेप बंद कर. उगाच सेल उतरतील.”