कुलपाला कुंकू

मी क्रांती. कोल्हापुरातल्या एका लहानशा कॅन्सर रुग्णालयात औषधांचं बघते. स्वभावानं तिखट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. मॉर्फिनचं कपाट सांभाळणारी बाई गोड असून चालत नाही.

आमचं हे कपाट लोखंडी, भिंतीत बोल्ट मारून पक्कं केलेलं. कुलपं दोन आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. एक गोळी निघाली तरी रजिस्टरात दोघांच्या सह्या. एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी स्टोअर सांभाळणाऱ्या रुद्रय्याअण्णांकडे. एकदा अण्णा किल्ली टेबलावर ठेवून चहाला गेले, तर मी त्यांच्याकडून चक्क माफीनामा लिहून घेतला होता.

खंडेनवमीला अण्णा सकाळीच विभूती लावून हजर.

"क्रांतीताई, कपाटाची पूजा करतो. माझं हत्यार त्येच की."

मी नियमांची फाईल काढून बघितली. कुंकवाबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हटलं, करा. अण्णांनी दोन्ही कुलपांना हळद-कुंकू वाहिलं, दारावर झेंडूचा हार आडवा बांधला, पुढं नारळ ठेवला. माझी किल्ली मात्र मी त्यांच्या हातात दिली नाही. तिला कुंकू मीच लावलं.

अकराच्या सुमाराला शिरोळकडचे आकाराम दाखल झाले. कॅन्सर हाडांत गेलेला. तीन दिवस झोप नाही, तोंडातून शब्द नाही, नुसतं कण्हणं. डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी लिहिली आणि मी चिठ्ठी घेऊन स्टोअरकडे धावले.

अण्णांनी हात जोडले. "आज न्हाय. पुजलेलं हत्यार उद्यापतोर हलवत न्हाईत."

"अहो, ॲम्ब्युलन्सचीही पूजा झाली. ती गेली की पेशंट आणायला!"

"ती पळणारी हाय. ह्ये बसून असतंय."

"अण्णा, माणूस तडफडतोय तिथं!"

"दुसरं कायतरी द्या की. गेल्या साली आमच्या पुतण्यानं, अमरेशनं, पुजलेला ट्रॅक्टर भाईर काढला, आन् सांजच्याला पाटात उलटा! मी डोळ्यांनी बघितलंय."

माझं डोकं फिरलं. "द्या ती किल्ली इकडं. मी उघडते."

अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन्ही किल्ल्या एका माणसाकडं? मग माफीनामा लिवून द्या."

राग अण्णांचा आला, त्याहून जास्त माझा आला. फाईलमध्ये कुंकू शोधत बसले, पण आज कुणाला गोळी द्यावी लागली तर काय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणि त्याची शिक्षा भोगत होते आकाराम.

तेवढ्यात त्यांची बायको चिमणाबाई मला शोधत आली. समोर हार, नारळ, कुंकू बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि कपाटापुढं थेट गुडघेच टेकले.

"देवा, तू तरी ऐक बाबा. लई हाल चालल्यात त्येंचं." मग अण्णांकडे वळून म्हणाली, "कुठला देव म्हणायचा हा, पावणं?"

अण्णा गडबडले. "देव न्हाय, बाई. कपाट हाय. दुखणं थांबवायची गोळी असती आत."

"आत हाय?"

"हाय की."

"मग उघडत का न्हाईसा?"

त्या बाईच्या तोंडावर ट्रॅक्टरची गोष्ट सांगणं काही अण्णांना जमलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं हार सोडला, "चुकलं माझं" असं पुटपुटले आणि किल्ली फिरवली. 'चुकलं' हे ते कपाटाला म्हणाले की चिमणाबाईला, मी विचारलं नाही. मी माझी किल्ली फिरवली. सह्या करताना रजिस्टरावर दोघांच्याही बोटांचं कुंकू उमटलं, आणि मी पहिल्यांदाच कुणाला काही बोलले नाही.

गोळी देऊन आम्ही तिघं खाटेजवळ उभे राहिलो. पाऊण तास गेला. कण्हणं हळूहळू थांबलं. आकारामनी डोळे उघडले, बायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठी घातली.

"सणासुदीचं ह्ये कसलं लुगडं नेसलीयास? दुसरं न्हाय व्हय तुला?"

चिमणाबाई रडायलाच लागली. रडता रडता तिनं माझा हात घट्ट धरला.

"बाई, भांडाय लागल्यात की वो ह्ये!"