टेप सुरू होण्याआधीची नावं

माझी तान्ही नलू दुपारी दीड ते तीन झोपायची. त्या दीड तासात मी गुसलीवर लिहायची.

गुसली हे रशियन वाद्य. मांडीवर आडवं ठेवून बोटांनी छेडायचं. हेच नाव सर्बियात गेलं की गुसले होतं आणि वाद्यच बदलतं. तिथे घोड्याच्या केसांची एकच तार, गजाने वाजवायची, तिच्यावर लढायांच्या कथा गायच्या. झेक लोकांकडे होउसले म्हणजे चक्क आपलं व्हायोलिन. एका आईच्या मुली लग्न होऊन वेगवेगळ्या घरी पडाव्यात, तशी ही नावं. हे वाक्य कार्डावर उतरलं तेव्हा मी झोपलेल्या नलूचा पाय हळूच दाबला. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

लग्नाआधी मुंबईत मी रशियन शिकले होते. तिथल्या सरांनी वाद्यनामांचा कोश काढायला घेतला आणि बोईसरच्या आमच्या क्वार्टरवर पुस्तकांचा गठ्ठा न् कोरी कार्डं पाठवली. 'स्लाव भाषांतली ही नोंद तू कर, वत्सला. खाली तुझं नाव येईल. छापील नाव असलं की विभागात तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकता येतो.' ते पत्र मी डाळीच्या डब्यामागे ठेवलं होतं. अधूनमधून काढून वाचायची.

"तुझ्या घोड्याच्या शेपटीपायी आज पुन्हा भात लागलाय," सकाळपाळी करून आलेला माझा नवरा, बळवंत, पातेलं खरवडत म्हणायचा. रागाने नाही, पण म्हणायचा.

भागी आमच्याकडे कपडे धुवायला यायची आणि नलूला घ्यायची. एकदा तिने पुस्तकातलं चित्र पाहिलं. म्हातारा, डोळे मिटलेले, गुसले गुडघ्यांत धरलेली.

"बाय, यो तं माज्या बासारकाच बसलाय गो!"

तिचा बा, झिपरू, पाड्यावर घांगळी वाजवत कणसरीची कथा सांगायचा. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. आणि घांगळी म्हणजे वेळूचा दांडा, त्याला दोन भोपळे, वर तारा. माझ्या अंगावर काटाच आला. दोन टोकांची दोन माणसं, तारेवर कथा लावणारी. सरांना लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, 'उत्तम! ध्वनिमुद्रण पाठव.'

भात झोडून झाल्यावर, एका दुपारी, नलूला कडेवर आणि बळवंतचा टेप पिशवीत घेऊन मी भागीबरोबर पाड्यावर गेले. झिपरूबाबा ओटीवर बसले. धान ओवाळलं, घांगळी मांडीवर घेतली आणि सुरुवात केली ती नावांनी. मी झिपरू, सुकाचा. सुकाला कथा दिली त्याचं नाव, त्याला दिली त्याचं नाव. नावामागून नाव.

माझ्याकडे कॅसेट एकच. एका बाजूला अर्धा तास.

"बाबा, हे झालं की सांगा. मग बटण दाबते."

ते थांबले. "हीं नावां नाय घेत?"

"टेप पुरायचा नाही हो."

"बरं," म्हणाले. मग एकही नाव न गाळता, घाई न करता, सगळी घेतली. मी नलूला डोलवत उभी होते. मनात म्हणत होते, आटपा. कथेला तोंड फुटलं तेव्हा बटण दाबलं.

कॅसेटबरोबरच्या कार्डावर 'माहिती कोणाकडून' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, वारली वादक, बोईसर परिसर.

त्यानंतरच्या पावसाळ्यात झिपरूबाबा तापाने गेले. भागीने कॅसेट मागितली, म्हणून मी सरांना पत्र टाकलं. थंडीत पार्सल आलं. वर कोश, खाली कॅसेट.

नोंद चार पानांची होती. वाक्यं माझी. एका आईच्या मुलींचंही जसंच्या तसं. खाली नाव सरांचं. मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. प्रस्तावनेच्या शेवटी होतं, 'बोईसरच्या एका गृहिणीचेही साहाय्य झाले.'

"सरांनी माझं नाव कापलं," मी बळवंतला म्हटलं.

"पण लिहिलंयस तूच ना? सरांना ठाऊक आहे की," बळवंत म्हणाला.

"जेव आणि झोप," मी म्हटलं.

तो आत गेला. भागी दारातच उकिडवी बसली होती, नलू तिच्या पाठीवर. "बाय, टेप लाव ना."

लावला. घांगळी घुमायला लागली. मधेच नलूचा हुंकार, तेव्हाचा, दात नसलेल्या तोंडाचा. पाठीवरची नलू कान टवकारून बघायला लागली. भागी हसली, मग डोळे पुसत बसली. बाजू संपली.

"आता पयल्यापासून लाव."

"हेच पहिलं, भागी."

"नाय गो. आदी नावां हायत. बा नावां घेतल्याबिगर तार वाजवाचाच नाय." ती टेपाजवळ सरकली. "मंगळ्याला, माज्या भावाला, कथा येते. नावां अर्दीच येतात. पाड्यावर दुसऱ्या कोनाला ठावं नाय. नावांबिगर त्याला घांगळी घेऊन बसता येत नाय. ती आयकायला तं मागितला यो टेप."

मी कॅसेट काढली, उलटी करून पाहिली. दुसरी बाजू कोरी होती, हे मला माहीत होतं.

"त्या सायबान कापली का?" भागीने विचारलं. "तुजं नाव कापलान तसां?"

पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं.

"हो," मी म्हटलं.

"हात झडो मेल्याचा," भागी म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तू रडू नको, बाय. तू काय करशील त्याला."