परवाचा वायदा

मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला होता: परवा. गिऱ्हाईक दारात दिसलं की मान वर न करता तो ‘परवा या’ म्हणून मोकळा व्हायचा. हात बाकी गुणी होता. परवा नाही तर तेरवा, वस्तू चालू व्हायचीच.

त्याची सहा वर्षांची लेक शाळा सुटली की दुकानातच असे. घरात तिला मिरची म्हणत, उगीच नव्हे. आजोबा खोललेले स्क्रू डबीत ठेवत आणि मिरची वस्तूंना चिठ्ठ्या बांधे. इथे आलेली बंद वस्तू चालू होऊनच जाते, हे तिने जन्मापासून पाहिलं होतं.

मंगळवारी सकाळी आजोबा चहा पिता पिता खुर्चीतच गेले. घरात एकच धावपळ उडाली. बाप फोनवर नातेवाइकांना कळवत होता, तेवढ्यात मिरचीने त्याचा शर्ट ओढला.

“बाबा, आजोबा कधी चालू होणार?”

“परवा,” तो म्हणाला आणि पुढचा नंबर लावू लागला. आपण काय बोललो, याचा त्याला पत्ताच नव्हता.

गुरुवारी त्याने दुकान उघडलं. शाळेतून मिरची आली ती आजोबांचा चष्मा फ्रॉकला पुसतच.

“आज परवा आहे,” ती म्हणाली. “आण आजोबांना.”

खोललेला मिक्सर त्याने बाजूला सारला.

“अगं, आजोबा लांब गेलेत.”

“आत्या पण तेच म्हणाली. मग चपला घरी कशा?”

आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

“मिरचे, आजोबा मेले. मेलं की सगळं थांबतं. श्वास, भूक, दुखणं, सगळं. ते परत चालू होत नाही.”

“तू करून बघ ना.”

“मला येत नाही.”

“मग ज्याला येतं त्याच्याकडे ने.”

“कुणालाच येत नाही, बाळा. डॉक्टरांनाही नाही.”

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. रडू नव्हतं, राग होता, आणि तो अगदी रास्त होता.

“मग परवा का म्हणालास?”

“चुकलं माझं. सवयीने बोलून गेलो.”

“गिऱ्हाइकांना पण असंच खोटं सांगतोस?”

“अधूनमधून,” तो कानकोंडा होत म्हणाला.

तिने चष्मा टेबलावर ठेवला. बराच वेळ पायाने स्टुलाला ठोकत राहिली. त्याला वाटलं, निभावलं. वडिलांसाठी त्याला स्वतःला अजून नीट रडताही आलं नव्हतं.

“तू पण मरणार?”

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण आता हिला पुन्हा फसवलं, तर ही आपल्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

“हो.”

“कधी?”

हा प्रश्न तो गिऱ्हाइकांकडून दिवसातून वीस वेळा ऐकत होता आणि एकदाही अडला नव्हता.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मिरची पुढे झाली, त्याच्या मांडीवर चढली आणि त्याचा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरून बसली. दारात गिऱ्हाईक आलं. त्याने मान वर करून पाहिलं, पण त्याच्या तोंडून ‘परवा’ निघेना.