नसीमा आणि माझा डावा हात

हिवाळ्यातल्या सकाळी नसीमा रुग्णाला स्पर्श करण्याआधी आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासायची. वाळल्या पानांवरून वारा हलकेच सरकावा तसा तो आवाज. खिडकीतून आलेलं कोवळं ऊन तिच्या डोक्यावरच्या फिकट निळ्या ओढणीवर थबकलेलं असायचं. खालच्या रस्त्यावरून न्हावा शेवा बंदराकडे निघालेला एखादा कंटेनर गेला की काचा थरथरायच्या, आणि त्या थरथरीतही तिची बोटं स्थिर असायची. मग ते ऊबदार तळवे माझ्या डाव्या मनगटावर यायचे. ते आलेले मला दिसायचे; जाणवायचे नाहीत.

पनवेलच्या शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी मेथी निवडताना डाव्या हातातली जुडी मांडीवर गळून पडली. मी त्या हाताकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, हा कुणाचा हात इथे येऊन पडलाय? पक्षाघाताचा झटका होता. इस्पितळातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, वाचा शाबूत होती. भेटायला येणारे सगळे एकच सांगत, "उजवा हात वाचला ना, नशीब समजा!" मीही मान डोलवायची आणि डावा हात शालीखाली झाकून घ्यायची. आपल्याच देहाच्या अंगणात एखादा परका येऊन मुक्कामाला बसावा आणि त्याच्याशी बोलायचं काय, हे कळू नये, तशी आमची दोघांची अवस्था होती.

माझे यजमान, अरविंद, तेव्हा माझी सावली झाले होते. केस विंचरायचे, ताटातली पोळी मोडून द्यायचे, गाऊनची बटणं लावायचे. तीस वर्षं साडी नेसून वर्गात उभी राहिलेली मी, आता दिवसभर गाऊनमध्ये असायची. त्याचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या आजारातून वाचलेल्या बाईनं साडीसाठी झुरावं, हे मलाच क्षुल्लक वाटायचं.

इस्पितळानं मला ज्या व्यायामोपचार केंद्रात पाठवलं, नसीमा तिथली फिजिओथेरपिस्ट. वडील कुवेतला नोकरीत, बालपण पनवेलच्या मोहल्ल्यात, शिक्षण खारघरच्या कॉलेजात. तिच्या मराठीला उर्दूची एक मऊ किनार होती. रमजानात घसा कोरडा पडलेला असतानाही ती त्याच संथ लयीत म्हणायची, "आता बोट उचलायचं, काकू. घाई नको. त्याच्याकडे बघा आधी." श्रावणातल्या उन्हासारखा तिचा स्वभाव होता, हसू आणि करडेपणा एकाच घटकेत यायचा. एकदा अरविंदांनी माझा डावा हात उचलून टेबलावर ठेवला, तेव्हा ती त्यांच्याकडे वळली.

"काका, उद्यापासून हे करायचं नाही."

"अहो, तिला त्रास होतो."

"होऊ द्या ना. तुम्ही इतक्या प्रेमानं सगळं करता, की मेंदूला वाटतं या हाताची गरजच नाही. मग तो त्याला विसरतो."

अरविंदांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी गाऊनच्या एका बटणाशी झगडत बसले, आणि ते दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. त्या पाठीमागच्या हातांत किती प्रेम कोंडलेलं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

हळूहळू अंगठ्यात थोडी धुगधुगी आली. पण केंद्रातून घरी आले की हात पुन्हा शालीखाली निजायचा. नसीमा म्हणायची, "ताकद येतेय, काकू. तुम्ही मात्र त्याला हाक मारत नाही." मला राग यायचा. हाक मारून मारून मी थकले होते. एका सकाळी मी तिला म्हटलंच, "पुरे आता. एवढ्यावरच भागवते मी." तिनं फक्त माझी बोटं एकेक करून उलगडली आणि पुन्हा मिटली.

ईद झाली. तिचं लग्न ठरलं होतं. एके दिवशी शेवटची रुग्ण मीच होते, तिनं पिशवीतून मोरपिशी रंगाची रेशमी साडी काढली आणि संकोचानं म्हणाली, "लग्नाच्या दावतीला साडीच नेसायची ठरवलीय. घरी कुणालाच धड येत नाही. तुम्ही शिकवाल?"

शिकवाल, हा शब्द कानावर पडला आणि मी सरळ झाले. ती कपड्यांवरूनच साडी गुंडाळू लागली. निऱ्यांपाशी तिचा सगळा गोंधळ उडाला. इतरांच्या देहातली प्रत्येक शीर ओळखणारी ती मुलगी त्या रेशमात पार हरवून गेली. "अगं, अशा नाही," मी खुर्चीतून उठत म्हणाले, "काठाला काठ लागला पाहिजे. आण इकडे." मी उजव्या हातानं एक निरी घातली, दुसरी घातली, तिसरी. बोलत होते, रागावत होते, वर्गात असल्यासारखी समजावत होते. आणि मग नसीमाचे हात थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. तिची नजर जिथे होती तिथे मी पाहिलं. त्या निऱ्या माझ्या डाव्या हातानं धरलेल्या होत्या.

अंगठा रेशमावर दाबून बसला होता, बोटं थरथरत होती. क्षणात पकड सुटली आणि निऱ्या ओघळल्या. मला रडू कोसळलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, "नाही जमलं मला, काकू. परत दाखवा." मी परत दाखवलं. तिनं मुद्दाम चुका केल्या, मी परत परत दाखवलं. दाराशी येऊन उभे राहिलेले अरविंद चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर तिनं व्यायामाची रीतच बदलली. हाताला हुकूम सोडायचा नाही, काम द्यायचं. मग मी वाटाणे सोलले, ओला टॉवेल पिळला, परातीचा काठ धरून कणीक मळली. प्रगती भरतीच्या पाण्यासारखी होती, पुढे आली की थोडी मागे जाणारी. करंगळी आजही ऐकत नाही. पण नसीमाच्या दावतीला मी साडी नेसून गेले. नेसायला सकाळचा बराच वेळ लागला, निऱ्या जराशा तिरक्या आल्या, आणि अरविंदांनी एकदाही मदत केली नाही. मोरपिशी साडीतली ती नववधू मला पाहून व्यासपीठावरून उतरून आली, माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "जाणवतंय?"

"मेंदीभरल्या तळव्यांची ऊबसुद्धा," मी म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ती नवऱ्याबरोबर कतारमधल्या दोह्याला गेली. केंद्रात आता दुसरी मुलगी असते, तीही चांगली आहे. कधी फोन येतो तेव्हा नसीमा आधी हाताची चौकशी करते, मग माझी. मी तिचे आभार मानायला लागले की विषय बदलते, आणि आयुष्यभर मुलांना शब्द शिकवणारी मी त्या एका शब्दापाशी अडखळते.

वयाच्या धर्मानं तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून एक दिवस पुसट होईल, आवाजही विरेल. काळ आपल्याकडून हे सारं हलक्या हातानं काढून घेतो. पण ज्यानं आपल्या मज्जेत, आपल्या नसांमधून नवी वाट पाडली, तो माणूस गेला तरी पुरता जात नाही. आपण हललो की तो आपल्यात हलतो, आणि त्याची आठवण काढायची म्हणून वेगळी आठवण काढावीच लागत नाही.